राजानं ढवळलेली कढी

“एकाचाही विश्वास बसेना माझ्यावर! अख्ख्या राजवाड्यात एकाचाही नाही!” धुरपाबाईनं पळी चुलीच्या कडेला आपटली. “घसा फोडून सांगतेय, कढी मी नासवली नाही, पातेल्यानं नासवली. पातेल्याला आतून कल्हईच नाही! पण ऐकतंय कोण?”

ऐकत होतं फक्त मांजर. तेही कढीचा वास घेऊन शेपूट वर करून निघून गेलं.

झालं होतं असं. ढेबेगडचे राजे गजांकुशराव यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. राजवाड्याची स्वयंपाकीण धुरपाबाई हिनं कढी केली. पितळी पातेल्याची कल्हई केव्हाच उडालेली. त्यात आंबट ताक शिजलं आणि कढी कळकली. हिरवीगार! पाहुण्यांनी एक भुरका मारला आणि सगळे तोंड धरून अंगणात पळाले. होणारे व्याही तर घाईघाईत दुसऱ्याच्याच घोड्यावर बसून गेले.

राजा एक नंबरचा चिकट. हौस एकच, नावाची! प्रत्येक हंड्यावर, ताटावर, अगदी झाऱ्यावरसुद्धा त्यानं ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. नाव कोरणाऱ्याला द्यायला पैसे होते, कल्हईवाल्याला मात्र दारातूनच हाकललं. त्यात दिवाणजींनी त्याला एक मंत्र दिला होता, “मनात आणलं की माणूस श्रीमंतच!” झालं! गडी फाटकं धोतर दाखवायला आला, तर राजा म्हणे, “मनात रेशमी आण!” घोड्याची चंदी संपली, तर म्हणे, “त्याला सांगा, मनात हरभरे आण!” घोड्यानं मनात काय आणलं कोण जाणे, पण संध्याकाळी त्यानं दिवाणजींना लाथ घातली.

कढीचा निवाडा भरदरबारात झाला.

“धुरपे,” राजा गरजला, “बिचाऱ्या पातेल्याला बोल लावू नकोस! तुझं मन दरिद्री, म्हणून कढी कळकली!”

“मनानं कढी कळकते होय, सरकार? मग माझ्या सासूच्या हातचं पाणीसुद्धा कळकायला हवं होतं!”

“तोंड आवर! हातापाया पडून पाहुण्यांना उद्या परत बोलावलंय. तेच पातेलं, तसंच आंबट ताक. कल्हई नाही, दुसरं भांडं नाही. कढी अमृतासारखी झाली पाहिजे! नाही झाली, तर ज्याचा दोष त्याला गाढवावर उलटं घालून धिंड काढीन. नावाची दवंडी पिटीन. आणि राजवाड्यातून कायमचा बाहेर काढीन!”

ज्या बाजारात धुरपाबाई मिरचीवाल्याशी कंबरेवर हात ठेवून भांडायची, त्याच बाजारातून गाढवावर? छे!

“कबूल!” ती म्हणाली. “पण सरकार, मी अडाणी बाई. नीट समजून घेते. दरिद्री मनाच्या माणसानं ढवळली की कढी कळकते, आणि श्रीमंत मनाच्या माणसानं ढवळली की गोड होते. असंच ना?”

“अगदी असंच!”

“मग माझा हात कशाला लावता? पुन्हा पाहुणे पळायचे! श्रीमंत मनाचाच कोणीतरी ढवळायला द्या. दिवाणजी, येता?”

दिवाणजींना एकदम खोकला आला. “माझा हात मुरगळलाय. तसा पायही.”

“अरे, हट्!” राजा सिंहासनावरून उठला. “माझ्याएवढं श्रीमंत मन या मुलखात आहे कोणाचं? मी ढवळीन!”

दुसऱ्या दिवशी राजा चुलीपुढे बसला. धुरानं डोळे लाल, मिशीला बेसन! धुरपाबाई लांब पाटावर बसून फर्मान सोडत होती. “थांबू नका, सरकार, गुठळी होईल! आणि मनात श्रीमंती आणा बरं का! आणलीत? अजून थोडी आणा!”

दुपारी पाहुणे जेवायला बसले, पण द्रोणाला कोणी हात लावेना. व्याही म्हणाले, “आधी तुम्ही घ्या, राजेसाहेब.”

राजानं भुरका मारला. त्याचे डोळे फिरले, कान हलले. “थू! थू! थू!”

धुरपाबाईनं पदर खोचला.

“सरकार, मी पळीला बोटही लावलेलं नाही. मग आता दरिद्री मन कोणाचं म्हणायचं?”

राजानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी छताकडे पाहिलं.

“मनाचा काय संबंध!” राजा ओरडला. “दोष पातेल्याचा! पातेल्याला कल्हई नाही!”

“अगं बाई! हेच मी कालपासून बोंबलतेय! मग होऊ द्या हुकमाप्रमाणे. ज्याचा दोष, त्याची धिंड!”

“काढा पातेल्याची धिंड!” राजा म्हणाला. स्वतः सुटला ना!

गाढव आणलं. पातेलं त्याच्या पाठीवर उलटं घालून बांधलं. दवंडीवाला कोंडाजी ढोल घेऊन आला आणि डोकं खाजवत म्हणाला, “सरकार, दवंडीला गुन्हेगाराचं नाव लागतं.”

“सोपं आहे,” धुरपाबाई म्हणाली. “त्याच्या अंगावरच कोरलंय. वाच!”

कोंडाजी वाकला. वाचलं. घाम पुसला. पुन्हा वाचलं. राजानंही वाकून पाहिलं, आणि अंगणात असा हसत सुटला की फेटा गाढवाच्या पायात पडला! व्याही पोट धरून म्हणाले, “सोयरीक पक्की! पण लग्नातली भांडी कल्हई करून द्या!”

राजानं तिथल्या तिथे कल्हईवाल्याला बोलावणं धाडलं, गड्याला धोतर दिलं, आणि धुरपाबाईला चांदीची पळी. “हिच्यावर मात्र तुझं नाव कोरून घे!”

तेव्हापासून ढेबेगडात कोणी रिकामा खिसा घेऊन मनातल्या श्रीमंतीच्या गप्पा मारू लागला, की बायका विचारतात, “ढवळतोस का कढी?”

आणि त्या दिवशी गाढव निघालंच. ढोल वाजला. कोंडाजीनं छाती भरून घेतली आणि भरबाजारात आरोळी ठोकली, “ऐका हो ऐका! कढी नासवणारा गुन्हेगार सापडला! त्याचं नाव, श्रीमंत राजे गजांकुशराव ढेबेगडकर!”