काठीवरचं लाल फडकं

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं, आणि त्या राज्याच्या एका टोकाला एक रुंद, तापट नदी होती. नदीच्या दोन काठांवर दोन गावं. अलीकडच्या गावात एक नावाडी राहायचा. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. त्याच्या मुलीचं नाव मात्र लोकांनी जपून ठेवलं आहे. तिचं नाव सगुणा.

त्या घाटावर नाव चालवायचा हक्क तीन पिढ्या नावाड्याच्या घराण्याकडे होता. नाव एकच आणि वल्हवणाराही एकच. नावेशिवाय पलीकडे जायचं तर दिवसभर चालून वरच्या अंगाला जावं लागे. तिथे पात्र उथळ होतं, गुडघाभर पाण्यातून पार होता येई. पण नदीला पाणी चढलं की ती वाटही बुडायची.

दोन्ही काठांवर एकेक उंच काठी रोवलेली होती. ज्याला नाव हवी असेल त्यानं आपल्या काठावरच्या काठीवर लाल फडकं चढवायचं. नाव येऊन टेकली की ते उतरवायचं. आणि नावाड्याच्या घरात एक रीत होती: फडकं वर दिसत असताना घास तोंडात घालायचा नाही. पान वाढलेलं असलं तरी उठायचं, माणसाला पार करायचं आणि मग येऊन जेवायचं. नावाड्याचा बाप जन्मभर गार जेवला. नावाडीही गारच जेवायचा, बायकोपाशी कुरकुर करायचा, पण उठायचा.

बायको सुईण होती. दोन्ही गावांतली बाळंतपणं तिच्या हातची. पलीकडे फडकं चढलं, की बरेचदा ते तिच्यासाठीच असायचं. ती गाठोडं घेऊन नावेत बसायची, हा वल्हं मारायचा. सगुणाला त्यांनी पलीकडच्या गावात दिली, ती याच भरवशावर. नाव घरची आहे, पोर हाकेच्या अंतरावर आहे, असं दोघंही म्हणायचे.

एके वर्षी मार्गशीर्षात दूरच्या शहरातून दोन घोडेस्वार आले आणि नावाड्याचं घर विचारत दारात उतरले. त्यांनी त्याच्या पुढ्यात चामड्याची एक जड थैली ठेवली. थैलीत सोन्याच्या मोहरा होत्या.

"आमच्या धन्यांनी पाठवल्यात," त्यातला एक म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी ते या घाटावर आले होते. व्यापार बुडालेला, अंगावर धड कपडे नाहीत. तुम्ही भाकरी मोडून हातात घेतली होती, ती तशीच ठेवून उठलात. त्यांच्याजवळ द्यायला दमडी नव्हती, आणि तुम्ही मागितलीही नाही. पुढे त्यांचं नशीब फिरलं. परवा ते वारले. मूलबाळ नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले, की त्या अर्ध्या भाकरीवरून उठलेल्या माणसाला हे पोचवा."

नावाड्यानं खूप आठवून पाहिलं, पण तो माणूस काही त्याला आठवेना. अशा किती भाकऱ्या त्यानं अर्ध्या टाकल्या होत्या! त्यानं थैली कपाळाला लावली आणि घरात नेली. इतकं धन, की घरातल्यांनी जन्मभर बसून खावं.

त्या रात्री त्यानं बायकोला सांगितलं, "आजपातूर लई वल्हवलं. आता बास."

इथपर्यंत त्याचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं वल्हं मारून ज्याचे खांदे भरून आले आहेत, त्याला खाटेवर पाठ टेकावीशी वाटली तर कुणी नावं ठेवावीत? चुकलं ते पुढे.

गावात एक म्हातारा कोळी होता. नावाड्याच्या बापाच्या वयाचा, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. तो दुसऱ्याच दिवशी दारात येऊन बसला.

"लेका, देवानं दिलं, तू सुखानं खा," तो म्हणाला. "पर नाव आमाला दे. माझा पुतण्या वल्हवंल. घाट मोकळा नगं ठेवूस."

नावाड्याला ते रुचलं नाही. काल जे काम त्याला नकोसं झालं होतं, ते दुसऱ्यानं करावं हे आज सोसवेना. "तीन पिढ्यांची नाव परक्याच्या हातात देऊ व्हय?" तो म्हणाला. "तिनं आमाला हे दिवस दाखवले. आता तिची पूजा व्हनार."

"पूजा कर की. पर पान्यात ठेवून कर," म्हातारा म्हणाला.

नावाडी हसला. आठच दिवसांत त्यानं नाव नदीतून ओढून काढली, अंगणात नवं छप्पर घातलं आणि तिला त्याच्याखाली ठेवलं. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. दोन्ही गावांना पुरणपोळीचं जेवण दिलं. पलीकडची माणसं दिवसभर चालून आली आणि पोटभर जेवून गेली. घाट बंद झाला म्हणून एकानंही तोंड उघडलं नाही. जेवताना कोण बोलणार? काल ज्याला अरेतुरे करायचे, त्याला आता सगळे अहो-जाहो करू लागले.

फक्त बायको बदलली नाही. पलीकडून निरोप आला की गाठोडं उचलायची आणि वरच्या वाटेनं दिवसभर चालत जायची.

"आता तुला काय कमी हाय?" नावाडी चिडून विचारायचा. "ऱ्हा की घरात."

"मला न्हाई कमी," ती म्हणायची. "पर बाया बाळंत व्हायच्या थांबल्यात का? मोहरा तुमाला गावल्या, त्येंला न्हाई."

पलीकडच्या काठीवर पहिले काही दिवस फडकं चढत होतं. जुनी खोड, दुसरं काय. नावाडी जेवायला बसला की ते समोर फडफडायचं आणि त्याचा हात ताटावर थबकायचा. एक दिवस त्यानं डोळे मिटून घास घेतला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून घेतला. तरी जेवण गोड लागेना, म्हणून त्यानं नवं घर बांधायला काढलं आणि घराची पाठ नदीकडे केली. त्या भिंतीला खिडकीसुद्धा ठेवली नाही. मग मात्र तो गरम गरम जेवू लागला.

चैत्र गेला, वैशाखाचं ऊन तापलं. एका दुपारी नावाडी खाटेवर पडला होता, तेव्हा अंगणातून 'चट्' असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

तो आवाज काय आहे, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. नावेचं लाकूड पाण्यात राहिलं तर फुगलेलं असतं, फळी फळीला घट्ट धरून बसते. कोरडं पडलं की आकसतं, आणि सांधे उघडतात. त्याचा बाप नाव डागडुजीला काठावर ओढायचा, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी ओतायचा, ओली पोती टाकायचा. नावाड्यानंही पहिला महिनाभर ओतलं. मग गडी ठेवला. मग गडी विसरला, आणि यानं विचारलं नाही.

"लाकूड हाका मारतंय," बायको म्हणाली. "नाव पान्यात घाला. वल्हवू नगा वाटल्यास, नुसती बुडवून ठेवा. चार दिस भिजली तर फटी मिटत्याल."

"उद्या घालतो," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

आषाढात नदी चढली. वरची वाट बुडाली. सगुणाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, आईच्या हातून. रीतीप्रमाणे दुसरं सासरी व्हायचं होतं, भाद्रपदात. बायकोनं पुन्हा सांगितलं, "सगुणाचे दिस भरत आले. आता तरी नाव भिजत घाला."

"भादवा लांब हाय," तो म्हणाला. "तवर कवाबी घालू."

श्रावणातला एक दिवस. आकाश कोंदलेलं, नदी दोन्ही काठांना घासत चाललेली. नावाडी पाटावर बसला होता. पानात वरणभात होता, त्यावर तूप होतं. गडी घाईघाईनं आत आला.

"मालक, पलीकडं फडकं चढलंय."

"असंल कोनी वाटसरू," नावाडी म्हणाला. "बगंल वाट आन् जाईल माघारी."

त्यानं भात संपवला. मग ताकभात घेतला. तो हात धुवत होता तेव्हा बायको घाटावरून धावत आली. तिच्या पायाला चिखल होता.

"जावई हायती काठीपाशी," ती कशीबशी म्हणाली. "पान्यापायी काय ऐकू येईना. सगुणाचं नाव तेवढं ऐकू आलं, आन् पोटावर हात आडवा धरून दावत व्हते."

भाद्रपदाला अजून महिना होता. नावाडी ओल्या हातानंच अंगणात धावला. म्हातारा कोळी आला, पुतण्या आला, शेजारपाजारचे आले. नाव उचलली. तळाच्या फळ्यांमधून उजेड दिसत होता.

"चार दिस भिजवायला पायजे," म्हातारा हळूच म्हणाला. चार दिवस कुठून आणणार? घटकाभरही वेळ नव्हता.

नावाड्यानं काथ्या कोंबला, चिंध्या कोंबल्या. त्या संपल्या तेव्हा घरातली रेशमी उपरणी फाडून फटींत घातली. पुतण्या म्हणाला, "काका, मी वल्हवतो." पण नावाडी तोवर नावेत चढलाही होता, आणि पाठोपाठ गाठोडं घेऊन त्याची बायको.

मोहरांनी एक गोष्ट गुपचूप काढून नेली होती, ती त्याला आता कळली. तळहातावरचे घट्टे गेले होते. वीस-पंचवीस हात मारले नाहीत तोच कातडी सोलली. वल्ह्याला रक्त लागलं. फटींतलं रेशीम पाण्याच्या जोरानं एकेक करून बाहेर आलं. बायको घमेल्यानं पाणी उपसत होती. एक घमेलं बाहेर जाई, तोवर दोन आत येत.

"मारा, मारा," ती ओरडत होती. "फडकं वर हाय अजून. मारा!"

मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं. नाव जड झाली, वल्ह्याला जुमानेना. प्रवाहानं तिला पाचोळ्यासारखी फिरवली आणि खालच्या वळणावर आपल्याच काठाच्या खडकांवर नेऊन आपटली. दोघं जिवंत बाहेर पडले. गाठोडं वाहून गेलं.

दोघं काठाकाठानं धडपडत पुन्हा घाटावर आले. समोर फडकं अजून वर होतं. बायको पाण्याच्या अगदी कडेला उभी राहिली आणि जे हातांनी करायचं होतं, ते ओरडून सांगू लागली. तिला कुशीवर वळवा म्हणाली. पाय उंच ठेवा, पोटावर हात असा फिरवा म्हणाली, आणि मोकळ्या हवेत हात फिरवून दाखवू लागली. पलीकडे जावई कानामागे हात धरून वाकला होता. नदीनं त्याच्यापर्यंत एक शब्द पोचू दिला नाही. तो दोन वेळा गावाकडे धावत गेला आणि दोन वेळा परत आला. तिसऱ्यांदा गेला, तो बराच वेळ दिसला नाही.

तिसऱ्या प्रहरी तो आला. या वेळी चालत आला. काठीपाशी थांबला, दोरी सोडली, आणि लाल फडकं हळूहळू खाली आलं.

नाव तर पोचली नव्हती.

बायकोचा फिरणारा हात तसाच थांबला. ती खाली बसली आणि नदीकडे बघत राहिली.

पाणी उतरल्यावर कळलं, सगुणाही गेली आणि बाळही गेलं. मूल आडवं आलं होतं. असली मुलं तिच्या आईच्या हातांनी कितीतरी वेळा फिरवली होती.

नावाड्यानं खडकावरची नाव ओढून आणली, तिची डागडुजी केली आणि ती पाण्यात घातली. नव्या घराची नदीकडची भिंत स्वतःच्या हातांनी पाडली. कोळ्याच्या पुतण्याला दुसरं वल्हं दिलं, घाटाच्या हक्कात निम्मा वाटा दिला. मोहरा उरल्या होत्या, पण त्या थैलीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. मरेपर्यंत तो नाव चालवत राहिला.

बायकोही सुईणपण करत राहिली. पण नवरा वल्ह्यावर असताना ती नावेत परत कधी बसली नाही. पलीकडून बोलावणं आलं की पुतण्या वल्ह्यावर येईपर्यंत थांबायची. तो नसेल तर वरच्या वाटेनं दिवसभर चालत जायची. नावाडी काठावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचा.

म्हातारपणी त्याची नजर अधू झाली. जेवायला बसला की घास हातात घेऊन विचारायचा, "फडकं वर हाय का गं?"

"न्हाई," बायको सांगायची. "जेवा."

तरी तो घास खाली ठेवायचा, आणि उठून घाटावर जाऊन उभा राहायचा.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: धन आलं तर काम खुशाल सोडावं, पण ज्या कामावर दुसऱ्यांचा जीव टांगलेला आहे, ते चांगल्या हाती सोपवल्याशिवाय सोडू नये.