हळदी कॉफीचं बियाणं

"...पण बी कसं धरलं नाहीत, बाबा?"

मंथन उमाळेने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा हळू विचारलं होतं. आता आवाज चढला होता.

सोनाजी बेठेकर उतारावर उकिडवे बसून रोपांच्या बुडाशी पालापाचोळा सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चिखलदऱ्याच्या बाजूचा हा सातदरा मळा. इथली सगळी कॉफी लाल फळांची. फक्त वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, तीन झाडं अशी होती की त्यांचं फळ पिकलं की पिवळंधमक व्हायचं. ती कुणी लावली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मळा राखणाऱ्या सोनाजीबाबांनी त्यांना नाव दिलं होतं, हळदी.

आता तिथे तीन काळे खड्डे होते.

"पावसाळ्यात बसली," बाबा म्हणाले. "खोडकिडा. आतून पोखरून ठेवली होती. मुळासकट उपटून जाळली. नाहीतर साऱ्या मळ्यात गेला असता."

"ते कळलं हो मला!"

मंथन शेतकी कॉलेजातून पहिला आलेला. दोन हंगाम बाबांच्या हाताखाली शिकला होता. गेल्या जानेवारीत तो हळदी घेऊन बंगळूरच्या चवीच्या स्पर्धेत गेला आणि पहिला नंबर घेऊन बसला. आज खिशात एका परदेशी व्यापाऱ्याचं पत्र होतं. पिकेल तेवढी सगळी हवी, असं त्यात लिहिलं होतं. त्या पत्राच्या जोरावर त्याने खालच्या गावात बैठकाही घेतल्या होत्या. हळदी लावू, यापुढे कुणाला विटांच्या भट्टीवर जावं लागणार नाही...

"सत्तावीस घरं माझ्या शब्दावर थांबलीत, बाबा. भट्टीचा मुकादम दारात आला तर त्याला परत पाठवलं त्यांनी."

"मग जा. सांग त्यांना."

"काय सांगू? आमच्या बाबांना मूठभर बी जपता आलं नाही, असं?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण शब्द बाहेर पडले होते.

बाबा पालापाचोळा सारत राहिले.

"धरलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"बी."

मंथन पुढे सरकला. "मग आहे कुठे?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि खोपीत गेले. मंथन त्यांच्या मागोमाग. फडताळ उघडतील, मडकं काढतील, म्हणून तो बघत राहिला. बाबा चुलीपुढे वाकले. थंड झालेली राख त्यांनी चिमटीत घेतली. मग मंथनचा हात ओढला, तळवा वर केला आणि अंगठ्याने त्यावर ती राख चोळू लागले. हळूहळू. एकेक दाणा चोळावा तशी.

"हे काय, बाबा?"

"ओळख."

मंथन तळव्याकडे बघत राहिला...

गेल्या जानेवारीतला तो बाजाराचा दिवस होता. बाबा खाली उतरले होते. खोपीच्या माळ्यावर फडक्यात बांधलेली पुरचुंडी मंथनला सापडली. आत हळदीचे दाणे होते, राखेने माखलेले. तो हसला होता. एवढा सुंदर माल, आणि म्हाताऱ्याने राखेत लोळवलाय! त्याने एकेक दाणा पुसला, टरफलं काढली. दाणे भाजले. "बाबा, तुमच्या हळदीचं नाव करून येतो," असा निरोप ठेवून गाडीला बसला.

पेरायचं बी राखेत घोळवून सावलीत सुकवतात. हे पुस्तकात होतं. परीक्षेत आलंही होतं. दोन मार्कांना.

"सगळं... तेवढंच होतं?"

"झाडं आतून गेलेलीच होती. फळ तेवढंच आलं."

"बाबा, मी बंगळूरहून फोन केला होता तुम्हाला! तेव्हाच का नाही बोललात?"

"नंबर आला म्हणून केला होतास. हसत होतास तू." बाबांनी अंगठ्याची राख पुसली. "तेव्हा काय बोलायचं, पोरा?"

"एक तरी दाणा... मी शोधतो. खोलीवर डबा आहे अजून, तळाशी चार-दोन..."

"भाजलेला उगवते का?"

मंथन मटकन खाली बसला. खिशातलं पत्र चुरगळल्याचा आवाज झाला. परीक्षक घोट घेऊन कसे डोळे मिटून उभे राहिले होते, ते त्याला आठवलं. मध म्हणाले, मोसंबी म्हणाले. एक बाई तर नुसतीच कप धरून उभी होती. आणि तो सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता.

"रागवा ना मला," तो म्हणाला. "काहीतरी बोला. शिव्या द्या."

बाबा त्याच्या शेजारी टेकले.

"आठ वर्षं फळ धरलं हळदीनं," मग ते म्हणाले. "दर साली समदं पेरलं. कधी रोपं सांबरानं खाल्ली, कधी उन्हानं नेली. पिण्यापुरतं कधी उरलंच नाही."

मंथनने मान वर केली. बाबा त्याच्याकडे वाकले होते. आवाज अगदी हळू, लहान मुलासारखा झाला होता.

"सांग ना... कशी लागते?"