खोलगटातली अंडी

पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, जिथे भर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथल्या एका खडकाळ किनाऱ्यावर पेंग्विनांची वस्ती होती. एरवी समुद्रात राहायचं आणि अंडी घालायला मात्र याच किनाऱ्यावर परतायचं, ही त्यांची रीत. त्यांचं घरटं खड्यांचं. चोचीत धरून एकेक खडा आणायचा आणि रचायचा. बर्फ वितळला की पाणी खड्यांमधून निघून जातं, अंडी कोरडी राहतात.

वस्ती होती एका खोलगट जागेत. पूर्वी ती जागा चांगली होती. पण आता हवा बदलली होती. खोलगटात बर्फ भरायचा आणि वितळला की तळं व्हायचं. मागच्या उन्हाळ्यात कितीतरी अंडी त्या पाण्यात गेली. वस्तीतला थोरला म्हणाला, "आजकालच्या पोरांना अंड्यांवर धड बसताही येत नाही." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं.

गेलेल्या अंड्यांतली दोन एका तरण्या मादीची होती. यंदा परतल्यावर ती खोलगटाच्या काठावरच थांबली आणि थोरल्याला म्हणाली,

"आबा, मी वर कड्याच्या धारेवर घरटं करणार. तिथे वाऱ्यानं बर्फ टिकत नाही."

"गारठून मरशील. आपल्या पणज्यांनी इथेच अंडी घातली."

"पणज्यांच्या वेळी इथे पाणी साचत होतं का?"

थोरल्यानं तोंड फिरवलं. ती थांबली नाही. "समुद्रात मला एक अल्बट्रॉस पक्षी भेटला, जग फिरून आलेला. तो सांगत होता, आपले भाऊबंद कुठे वाळवंटाच्या किनाऱ्यावर बिळं करून राहतात, कुठे जंगलात झाडांच्या मुळांशी अंडी घालतात. अगदी उष्ण बेटावरसुद्धा आहेत, खडकाच्या कपारीत सावली धरून. आणि काही तर नुसत्या बर्फावर उभे राहून अंडं पायांवर सांभाळतात. जशी जागा, तसं घर."

"जंगलात पेंग्विन!" एक म्हातारी खिदळली. "उद्या म्हणशील फांदीवर बसून गातात!"

सगळे हसले. थोरला म्हणाला, "जा बाई, जा. पण इथला एक खडा उचलायचा नाही."

तिनं आणि तिच्या जोडीदारानं खालच्या किनाऱ्यावरून खडे वाहिले. चढ उभा होता, पाय घसरायचे. तिची धाकटी बहीण मात्र खोलगटातच राहिली. "तायडे, मला पटतं गं तुझं. पण सगळ्यांसमोर आबांचा शब्द कसा मोडू?"

अंडी झाली. रीतीप्रमाणे नर अंड्यांवर बसले आणि माद्या समुद्रावर गेल्या, पोट भरायला. त्या परतल्या तोवर एक मोठं वादळ होऊन गेलं होतं. धारेवर खडक उघडा होता. खोलगट मात्र बर्फानं भरला होता आणि वर ऊन रणरणत होतं. धाकटी नुकतीच जोडीदाराच्या जागी आपल्या दोन अंड्यांवर बसली होती, शेजारी थोरला अजून आपल्या अंड्यांवरच होता. पाणी घरट्याच्या कडेला लागलं होतं.

मोठी धावत खाली आली. "आबा, अंडी अजून कोरडी आहेत. सगळे मिळून खडे आणू, घरटी उंच करू. धारेवरचे माझे जास्तीचे खडे घ्या. पण आत्ता उठा!"

सगळ्या वस्तीनं थोरल्याकडे पाहिलं. तो उठला असता तर सगळे उठले असते.

"बसा," थोरला म्हणाला. "दरवर्षी पाणी येतं, दरवर्षी ओसरतं."

सगळे बसले.

मोठीनं एकटीनं खडे आणून बहिणीपुढे टाकले. ते अंड्यांखाली सारायला धाकटीनं क्षणभर उठायला हवं होतं.

"ऊठ गं."

"आबा बसलेत ना अजून."

"आबांच्या पोटाखाली तुझी अंडी आहेत का?"

धाकटी अर्धवट उठली. थोरल्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती परत बसली.

पाणी चढत राहिलं. दोन दिवसांनी घरट्यांत शिरलं, तिसऱ्या दिवशी अंडी बर्फासारखी गार पडली. तरी कुणी उठेना. धारेवर मोठीची दोन्ही पिल्लं अंड्यांतून बाहेर आली होती. आनंद करायचं तिच्या मनात नव्हतं. ती खाली येऊन थोरल्यासमोर उभी राहिली.

"आता तरी उठा, आबा. खाली काही उरलेलं नाही."

थोरल्यानं पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मागच्या साली माझीही गेली होती."

"काय?"

"माझी अंडीसुद्धा पाण्यात गेली होती. कुणी बघायच्या आत बाहेर ढकलली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"थोरल्यानं कसं बोलायचं, पोरी? कुणी मानलं असतं मला?"

शेजारच्या घरट्यावर धाकटीनं सगळं ऐकलं होतं. ती उठली. तिच्या पोटाखालून पाणी निथळत होतं आणि दोन अंडी खड्यांमध्ये हलत होती. ती थोरल्याला एवढंच म्हणाली, "तुम्ही हे सांगितलं असतं, तर मी उठले असते."

तात्पर्य काय, तर थोरले आपली चूक लाजेपोटी लपवतात आणि मरतात ती धाकट्यांची पिल्लं. घरट्यात पाणी शिरायला लागलं की कुणाच्या तोंडाकडे न बघता आधी उठावं.