उजळलेले बेचाळीस दागिने

एका सराफपेठेत एकदा एक सोनार राहत होता, आणि तो सोन्याला हात लावत नसे. मग तो सोनार कसला, असे तुम्ही विचाराल. पेठही तेच विचारीत असे.

वयाच्या चाळिशीपर्यंत मात्र त्याच्यासारखा हात पेठेत दुसरा नव्हता. त्याने लावलेला सांधा भिंगातूनही दिसत नसे. घरोघरच्या लेकी त्याच्या हातची मोहनमाळ घालून सासरी गेल्या. मग एके दिवशी त्याने दुकानातली शेगडी विझवली, ऐरण कोपऱ्यात सरकवली आणि खानावळीच्या मागच्या ढिगातून नारळाच्या करवंट्यांचे पोते उचलून आणले. कारण कोणालाही सांगितले नाही. "अखेर सोनाराच्या हाती करवंटी आली!" असे म्हणत पेठ पोट धरून हसली. माणूस भिकेला लागला की त्याच्या हाती करवंटी येते, असे आपण म्हणतो. त्या हसण्यात जिव्हाळा नव्हता, हे निराळे सांगायला नको.

त्याने हसणाऱ्यांना हसू दिले. करवंटी कापून, घासून त्याने नाण्याएवढ्या चकत्या केल्या आणि तांब्याच्या तारेत अशा गुंफल्या की माळ गळ्यात पडताच अंगासरशी बसावी. पुढे बंद पडलेल्या हातमागांचे धोटे आणून त्यांच्या लाकडाच्या बांगड्या घडवल्या. सायकलच्या आऱ्यांची कडी केली. चिंचोके, जुन्या रेडिओची बटणे, जत्रेनंतर रस्त्यावर उरलेल्या फुटक्या काकणांच्या काचा, काही म्हणजे काही त्याने सोडले नाही. हे दागिने घेणारी माणसेही तशीच होती. कोणी भाजी विकणारी, कोणी एस.टी.चा कंडक्टर, कोणी शाळेतली बाई. पेठ पंधरा वर्षे हसली, पुढची दहा वर्षे गप्प बसली, आणि लांबलांबची माणसे पत्ता विचारीत येऊ लागली तेव्हा "आमचाच माणूस तो" असे सांगू लागली. पेठांची रीतच अशी असते. तो तेव्हाही आपल्या पाटावर बसून करवंटीच घासत होता. असा एखादा वेडा प्रत्येक गावाला लाभावा, असे मनापासून वाटते.

लोक त्याला अण्णा म्हणत. त्याच्याकडे सहा वर्षे केतकी नावाची शिष्या शिकत होती. ती जातिवंत सोनाराची मुलगी. वडिलांचे दुकान त्याच पेठेत, चार घरे पलीकडे. ते दुकान सोडून ती करवंट्यांपाशी आली तेव्हा घरात दोन महिने अबोला होता. तिचा हात सुरेख होता, आणि तिच्या मनात एकच इच्छा होती. कधीतरी एखाद्या दागिन्याखाली, कारागीर म्हणून, आपले नाव लिहिलेले पाहावे. अण्णा मात्र तिचे काम हातात घेत, उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "अजून तुझं झालं नाही हे." सहा वर्षे हेच उत्तर. ती रात्री घरी जाऊन आईजवळ रडे आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजर होई.

अण्णांना चौऱ्याहत्तरावे लागले त्या वर्षी शहराच्या कलादालनाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन ठरवले. अण्णांपाशी स्वतःचे काहीच शिल्लक नव्हते; घडवले ते सारे लोकांच्या अंगावर होते. तेव्हा ज्यांनी ज्यांनी दागिने घेतले त्यांच्याकडून ते पंधरा दिवसांपुरते मागून आणायचे असे ठरले. ती कामगिरी केतकीवर आली. नेमके त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ते आराम करायला बहिणीकडे गेले.

केतकी दारोदार फिरली आणि तिने बेचाळीस दागिने गोळा केले. त्रेचाळिसावे, सायकलच्या आऱ्यांचे कडे, एका निवृत्त कंडक्टरच्या हातात होते. तो म्हणाला, "काढून देणार नाही बाई. फार तर हात घेऊन येईन." तिने कपाळाला हात लावला आणि त्याला उद्घाटनाचे आमंत्रण दिले.

दुकानात येऊन तिने बेचाळीस दागिने कापडावर मांडले. करवंटीच्या माळा घामाने काळ्या पडलेल्या. धोट्याच्या बांगड्यांना खाचा. कुठे हळदीचा डाग, कुठे कोणी दोऱ्याने बांधलेली कडी. उद्घाटनाला सगळी पेठ येणार, तीस वर्षांपूर्वी हसलेले शेठ येणार, आणि ते हे पाहणार! पुन्हा हसणार! अण्णांना कोणी हसलेले तिला आता सोसणारे नव्हते.

आणि इथे तिचे रक्त बोलले. सोनाराच्या घरची एक रीत आहे. दागिना दुरुस्तीला येवो, वजन करायला येवो की नुसता अडकवायचा फासा बदलायला येवो, तो उजळल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा, ब्रशने घासायचा, झळझळीत करून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवायचा. काळा दागिना बाहेर गेला तर दुकानाचे नाक गेले, असे तिचे वडील म्हणत. केतकीने बाह्या सरसावल्या. पण सोन्याचा मळ वरवरचा असतो. करवंटीचा आणि लाकडाचा मळ आत मुरलेला असतो. रिठ्याने तो निघेना. मग तिने पॉलिशपेपर घेतला. आठ दिवस ती घासत होती. बोटांची कातडी सोलली, पण बेचाळीसच्या बेचाळीस दागिने आजच घडवल्यासारखे दिसू लागले.

नवव्या दिवशी अण्णा आले. केतकी दाराशीच उभी होती, शाबासकी घ्यायला. अण्णांनी काळा चष्मा काढला, एकेक दागिना उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. बेचाळीस वेळा असेच झाले. शेवटी ते एवढेच म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. प्रदर्शनाच्या पाट्या कुठे आहेत?"

दागिन्यांखाली ठेवायच्या पाट्या तिने आधीच लिहून ठेवल्या होत्या. अण्णांनी त्या मागून घेतल्या, दुपारभर एकटे बसून काहीतरी लिहिले आणि पाकिटात घालून परस्पर कलादालनात पाठवून दिल्या.

उद्घाटनाच्या सकाळी केतकी दालनात शिरली आणि पहिल्या काचपेटीपाशीच थबकली. पेटीत करवंटीची माळ होती. खाली अण्णांच्या अक्षरात लिहिले होते: "कारागीर : केतकी. साल : चालू." ती दुसऱ्या पेटीकडे धावली. तिथेही तेच. बेचाळीस पेट्यांखाली बेचाळीस वेळा तिचे नाव!

तिला हुंदका आवरेना. गुरूने आयुष्यभराची पुण्याई आपल्या ओंजळीत टाकली, असेच तिला वाटले. क्षणभर मनात शंका आली, की हे न्याय्य आहे का? पण सहा वर्षांची भूक मोठी होती. तिने ती शंका गिळून टाकली आणि डोळे पुसले.

लोक येऊ लागले. सर्वांत आधी आली हौसाबाई, भाजीबाजारात बसणारी म्हातारी. पहिल्या पेटीतली माळ तिची होती. एकतीस वर्षे ती माळ तिच्या गळ्यात होती. तिने काचेला नाक लावून पाहिले, मग आजूबाजूच्या पेट्यांत शोधले आणि केतकीला विचारले, "पोरी, माझी माळ कुटं ठिवलीस?"

"हीच की मावशी. ओळखली नाही? उजळून काढली आहे."

"ही न्हवं माझी," हौसाबाई ठामपणे म्हणाली. केतकीने पेटी उघडून माळ तिच्या हातात दिली. म्हातारीची बोटे एकेका चकतीवरून फिरली आणि मधल्या चकतीवर थांबली. तिथेच ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. "हितं माझ्या लेकीचं दात हुतं," ती हळूच म्हणाली. "मांडीवर बसून चावायची. दात येत हुतं तवा. बाजारात बसल्या बसल्या बोट लागायचं मला त्येला." तिने केतकीकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर केतकीला बरे वाटले असते. "ग्येलं व्हय गं ते?"

केतकीला त्या खुणा आठवल्या. दोन बारीक खळगे. ते मोडायला तिला पॉलिशपेपराचे तीन तुकडे लागले होते.

तिने उत्तर देण्यापूर्वीच मागून भारदस्त आवाज आला. पेठेतले सर्वांत मोठे शेठ, सोन्याची साखळी सावरीत, पाट्या वाचत येत होते. "वा! काय सफाई आहे! डोळा ठरत नाही. आणि हे सगळं तुझ्या हातचं? आम्ही समजत होतो म्हाताऱ्याचं काम. केतकी, तू आमच्या दुकानात ये. खास तुझ्या नावाचं दालन उघडतो. काचेवर तुझं नाव, मोठ्या अक्षरांत."

सहा वर्षे जे मागितले ते देव एका सकाळीच छप्पर फाडून देत होता. केतकीने पलीकडे पाहिले. खांबाशी खुर्चीवर अण्णा बसले होते. ते ना मान हलवीत होते, ना डोळ्यांनी काही सुचवीत होते. समोर शेठ, बाजूला माळ चाचपणारी म्हातारी. नुसते "हो" म्हटले असते तरी कोणी तिला खोटे ठरवले नसते. पाटी गुरूच्याच हातची होती.

"शेठ," ती म्हणाली, "यातलं मी काहीच घडवलेलं नाही. मी फक्त पुसलंय. या मावशींच्या लेकीचे दात पुसलेत मी."

शेठना काही उमगले नाही. ते "बरं, बरं" करीत पुढच्या पेटीकडे सरकले. केतकी अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, असं का केलंत? रागावायचं होतं, हाकलून द्यायचं होतं. माझं नाव का लिहिलंत?"

सोनारानेच कान टोचावेत, ते खरेच. अण्णा शांतपणे म्हणाले, "खोटं काहीच लिहिलं नाही. तू विचारायचीस ना, मी सोनं का सोडलं? एक मुलगी आईच्या पाटल्या मोडायला घेऊन आली होती. आई नुकतीच गेलेली. जात्यावर हात टेकून टेकून त्या पाटल्या एका अंगाला चपटल्या होत्या. मी त्या मुशीत टाकल्या. दहा मिनिटांत सोन्याचा गोळा झाला, अस्सल, झळझळीत. त्या मुलीनं गोळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'यात आई कुठाय?' सोन्याचा तोच मोठेपणा आहे केतकी, ते कुणाचंच राहत नाही. म्हणून मी अशा वस्तू शोधत गेलो, ज्या माणसाला विसरत नाहीत."

मग त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या कंडक्टरला जवळ बोलावले आणि त्याचा हात केतकीच्या हातात दिला. आऱ्यांचे कडे आतल्या बाजूला झिजून पातळ झाले होते. एकीकडे घंटीच्या दोरीने आडवी खाच पाडली होती.

"हे कडं मी चार दिवसांत केलं," अण्णा म्हणाले. "यानं ते सव्वीस वर्षांत पुरं केलं. मी अर्धाच कारागीर. बाकीचे अर्धे कारागीर भाजी विकतात, तिकिटं फाडतात. तू घासलंस तेव्हा त्यांचं काम गेलं, त्याखालचं माझंही गेलं. उरलं ते तुझंच होतं, म्हणून तुझं नाव लिहिलं. त्यात शिक्षा नाही. पण ते नाव आवडतंय का, हे तुझं तुला कळायला हवं होतं."

केतकी खाली बसली. तिला खूप रडू आले, आणि अण्णांनी तिला रडू दिले.

हौसाबाईने मात्र फार वेळ रडू दिले नाही. तिने माळ स्वतःच गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि केतकीच्या पाठीवर एक थाप मारली. "ऊठ. त्यानं घडवली, तू घासलीस. घालायचं काम माझं हाय, ते म्या करते. पुन्यांदा माझी व्हाया चार वरसं लागली तर चार वरसं. माझ्यानं न्हाई झालं तर लेक घालंल." मग दारातल्या घड्याळाकडे पाहून ती दचकली. "अगं बया, बाजाराची येळ झाली!" आणि प्रदर्शनातला पहिला दागिना गळ्यात घालून ती चालू लागली.

कलादालनाचा रखवालदार तिला अडवायला धावला. केतकीने त्याला थांबवले. तिने पेन काढले, रिकाम्या पेटीखालची पाटी उचलली, आपले नाव एका रेघेने खोडले आणि त्याखाली लिहिले: "हौसाबाई. भाजीबाजार, तिसरी रांग. माळ तिथे पाहायला मिळेल."

संध्याकाळपर्यंत तिने उरलेल्या एकेचाळीस पाट्याही तशाच लिहून काढल्या, आणि ज्याचा दागिना त्याला परत दिला.

आपल्या घरातली एखादी जुनी वस्तू चकचकीत करायला घेण्याआधी, ती कोणाच्या हातांनी झिजली, एवढे विचारून घ्यावे.