घराची खिटी

घरात शेळ्या आणि अंगणात माणसं! राजा रायाजीने घोडा तिथेच थांबवला.

किल्ला बांधणाऱ्या दगडफोड्यांसाठी त्याने ही घरं बांधून दिली होती. पिढ्यान्‌पिढ्या पालात राहिलेली ती माणसं. नवी घरं मिळाली तेव्हा त्यांनी पाल ठोकतात तशा भिंतीत मेखा ठोकल्या, पावसाचं पाणी वळवायला पायाशीच चर खणले, आणि घर चांगलं कोरडं आहे म्हणून त्यात शेळ्या बांधल्या.

"यांना घराची किंमत नाही," राजा म्हणाला. "परवापासून इथे माझे घोडे बांधा."

"महाराज, जरा थांबा," ओट्यावरून आवाज आला. गोजराक्का होती ती. जन्मभर तिने शहरातली घरं सारवली. साठी उलटल्यावर तिने दगडफोड्यांना घरात राहायला शिकवायचा नवाच धंदा काढला होता. "त्यांना शिकवायला मी आठच दिवसांपूर्वी घेतलंय. मेखा निघाल्या, चर बुजले. शेळ्यांचं तेवढं राहिलंय."

"सारवायचं सोडून या वयात पंतोजी झालीस?"

"गुडघे गेले, महाराज. तोंड शाबूत आहे."

राजाला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. अंगणात घोंगडीवर बसलेल्या तरण्या पोराकडे त्याने बोट दाखवलं. "तू रे, नाव काय तुझं? घर दिलं तरी बाहेर निजतोस?"

"यल्लू, महाराज," पोरगा म्हणाला. "या घराचा पाया माझ्या थोरल्या भावानं खणला. तिम्मानं. छप्पर चढायच्या आधीच गेला तो. त्याला आत निजायला मिळालं नाही. मग मी कसा निजू?"

राजाने रोखलेलं बोट खाली घेतलं. पण बोललेला शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो अक्काकडे वळला.

"घरात राहायला शिकवावं लागतं, हेच मला पटत नाही. घरात जन्मला त्याला ते आपोआप येतं."

"सगळ्यांना नाही येत, महाराज."

"मग असा एक माणूस दाखव. घरात जन्मलेला, धडधाकट, शहाणासुरता, आणि तुझा पहिल्या दिवसाचा धडाही ज्याला येत नाही असा. उद्या संध्याकाळपर्यंत दाखवलास तर घरं कायमची यांची. नाहीतर घोड्यांची."

सगळी वस्ती हवालदिल झाली. असा माणूस आणायचा कुठून? यल्लू तर लगेच शहर पालथं घालायला निघाला.

"बस खाली," अक्का म्हणाली. "भिंतीची भोकं लिंपायची राहिलीत. आधी ती लिंप."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना राजा चोपदाराला घेऊन आला. "कुठे आहे तुझा माणूस?"

"आलाच म्हणायचा. तोवर धडा तरी बघून घ्या, म्हणजे मी फसवलं असं व्हायला नको. यल्लू, कर रे."

यल्लू घरात गेला. दार लावून त्याने आतून अडसर सरकवला, पुन्हा काढला आणि बाहेर आला.

"एवढंच?" राजा खो खो हसला.

"एवढंच. पालाला दार नसतं ना, म्हणून इथून सुरुवात. तुम्हीही एकदा करून बघा. चोपदाराला बाहेर थांबू द्या, मी एकेकालाच आत पाठवते."

राजा ऐटीत आत गेला. दार लागलं. अडसर सरकला आणि त्यावर खिटी टक्कन पडली.

मग बराच वेळ नुसती खडखड ऐकू येत राहिली. एकदा धडक बसल्यासारखा आवाज झाला. आतल्या शेळीने बें केलं.

"अरे, बाहेर कुणी आहे का?"

"सगळे आहेत, महाराज," अक्का म्हणाली. "पण अडसर आतून आहे."

"तो हलत नाही!"

"खिटी उचला, महाराज," चोपदार कळवळून म्हणाला.

"खिटी म्हणजे कोणती?"

चोपदाराने कपाळाला हात लावला. राजवाड्यातलं प्रत्येक दार आजवर त्यानेच उघडलं होतं. यल्लूच दाराशी गेला आणि फटीला तोंड लावून समजुतीने सांगू लागला, "अडसरावर लाकडाचा तुकडा आहे बघा. त्याच्याखाली अंगठा घाला. वर उचला. आता अडसर ओढा. ढकलू नका, ओढा. आणि शेळी पायात येईल, तिला आवरा."

दार उघडलं. आधी शेळी बाहेर आली, मागून राजा. पगडी तिरकी झालेली, मिशीला गवताची काडी.

"ते असू दे," राजा पगडी सावरत गुरगुरला. "तुझा तो माणूस कुठे आहे?"

"आत्ताच बाहेर आला, महाराज."

राजाने दाराकडे पाहिलं, चोपदाराकडे पाहिलं, मग मिशीतून काढलेल्या काडीकडे. आणि तो असा हसला, असा हसला, की शेळ्या दावी तोडून पळाल्या.

"घरं यांची!" डोळे पुसत तो म्हणाला. खांद्यावरचा शेला काढून त्याने अक्काच्या अंगावर घातला. "आणि यापुढे राज्यात कुणालाही पहिलं घर मिळालं, की आधी त्याने तुझ्याकडे शिकायचं. दरबारातून तुला मानधन मिळेल."

यल्लूने अंगणातली घोंगडी उचलली, आत नेली आणि भिंतीशी अंथरली. शेजारी थोरल्याचीही अंथरली.

राजाने घोड्यावर मांड टाकली. दोन पावलं जाऊन तो मागे वळला.

"अक्का, उद्या शाळा कधी?"

"तांबडं फुटल्यावर या, महाराज. शेळ्या बाहेर काढून झाल्या, की बसतोच आम्ही."