काठावरचा अंगठा

निंबटोल्याच्या कुंभारांचं मडकं हातात घेतलंत, तर काठावर अंगठा बुडेल एवढी खाच दिसेल. पाहुणे ते तडकलेलं समजून बाजूला ठेवतात. तडकलेलं नाही ते. आमच्याकडे सगळीच मडकी अशी. का, ते सांगतो. बसा.

फार जुनी गोष्ट. या आळीत सयाबाई नावाची कुंभारीण होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा, दसरू. तिच्या मडक्यांचे काठ असे सपाट, की एकावर दुसरं पालथं घातलं तर मधून वारा जात नसे, असं सांगतात. हे चैतरामने हेरलं. नाल्याकाठच्या मोहाखाली त्याची दारूची भट्टी होती. खालच्या मडक्यात सडवलेली मोहफुलं, वर दुसरं मडकं, सांधा मातीने लिंपलेला. वाफ कोंडली तरच दारू उतरते. चैतराम सयाबाईचीच मडकी नेऊ लागला. ती कशासाठी जातात हे तिला ठाऊक होतं. मडकं विकलं की आपलं काम संपलं, त्यात कोण काय शिजवतो ते आपण कशाला बघायचं, असं ती म्हणे.

आधी सणासुदीला पिणारे म्हातारे होते. मग मिसरूडही न फुटलेली पोरं भरदुपारी नाल्याकडे वळू लागली. त्यातच दसरू. सतराव्या वर्षी त्याचे हात इतके कापत, की चाकावर मातीचा गोळा मध्यावर बसेना. सयाबाईने शपथा घातल्या, रडली, त्याला कोंडूनही ठेवलं. एकदा तो शांतपणे म्हणाला, "मडकं तर तुह्याच हातचं हाय, माय."

त्याच उन्हाळ्यात तो तळ्याच्या कडेला पालथा सापडला. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा नव्हतं.

तेरावं झालं आणि ती पुन्हा चाकावर बसली. उतरलेल्या प्रत्येक ओल्या मडक्याच्या काठावर तिने अंगठा दाबला. असल्या मडक्यावर दुसरं घट्ट बसत नाही. कितीही लिंपा, वाफ पळते. चैतरामने ती मडकी पाहिली आणि तो शेजारच्या कुंभाराच्या दारी गेला. मग सयाबाई आळीत घरोघर फिरली. तुम्हीही खाच पाडा म्हणून तिने हात जोडले. कुंभार म्हणाले, आम्ही नाही दिली तर तो बाजारातून आणील.

"आणू द्या," ती म्हणाली. "आपल्या मातीत आपली लेकरं शिजाले नको."

कोणी ऐकलं नाही. तेव्हा साऱ्या आळीची मडकी एकाच सामाईक आव्यात भाजत. सयाबाई त्या रिकाम्या आव्यात जाऊन बसली. सपाट काठाची मडकी भाजायची तर माझ्यासकट भाजा, म्हणाली. अन्न सोडलं. चार दिवस बायासुद्धा हसल्या म्हणे. पाचव्या दिवशी शेजारीण आली. तिचाही मुलगा नाल्यावर जाऊ लागला होता. नवऱ्याने चाकावरून नुकतंच उतरवलेलं मडकं तिने सोबत आणलं होतं. सयाबाईसमोर बसून तिने त्याच्या काठावर अंगठा दाबला. दुपारी आणखी एक आली. नवव्या दिवशी आळीत सपाट काठाचं कच्चं मडकं उरलं नव्हतं.

बायांनी सयाबाईला उचलून बाहेर आणलं. तिने पेजेचा एक घोट घेतला, आवा पेटलेला पाहिला आणि मडकी भाजून निघायच्या आत ती गेली. बाजारातून मडकी आणणं परवडेना, तेव्हा चैतरामची भट्टी इथून उठली. दुसऱ्या कुठल्या गावात लागली असेल. दारू काही जगातून गेली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आजही आमच्या आळीत मुलगा असो की मुलगी, सोळावं लागलं की आई त्याला चाकाजवळ नेते आणि ओल्या काठावर अंगठा दाबायला लावते. मंत्र नाही, नारळ नाही. माझ्या नातवाने तीन वर्षांपूर्वी दाबला. आता दारू बाटलीतून येते, गुटखा पुडीतून. त्यांना कुंभार लागत नाही. नातू तालुक्याच्या कॉलेजातून परतला की माझी सून त्याला दारातच थांबवते, जवळ ओढते आणि त्याच्या तोंडाचा वास घेते. तिचं होईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहतो.