काउंटरवरचं कुंकू

नलूच्या घरचा जुना कॉम्प्युटर इतका मंद झाला, की त्यावर चित्रं काढताना तिची मुलगी मिताली रडकुंडीला यायची. दुकानदार मांडवकरशेठ म्हणाले, “भंगार आहे हे, बाई. जुन्याला नवा पार्ट बसत नाही. नवाच घ्या.” नवा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून नलू मान खाली घालून परतली.

वर्षाने ती पुन्हा गेली. शेठनी तेच ऐकवलं. या वेळी तिची नजर काउंटरवरच्या त्यांच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर गेली. दर दसऱ्याला काढलेली कुंकवाची स्वस्तिकं त्यावर एकावर एक चढली होती.

“शेठ, इतके दसरे बघूनही तुमचा भराभर चालतो. त्याला जे बसवलंय, तेच माझ्याला बसवा.”

शेठनी खण उघडून स्वस्तातली मेमरी काढली आणि बसवली.

घरी कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. मिताली म्हणाली, “आता नको गं आई. चित्रं काढायची सवयच गेली.”

ते कुंकू मागच्या वर्षीही तिथंच होतं, हे नलूच्या मनातून जाईना.